चोरट्या प्रतींचं देणं

२०१२ च्या मार्चमध्ये न्यू यॉर्कमधल्या एका वडिलांनी घराची आवराआवर काढली आणि मुलाच्या जुन्या वस्तूंचं एक खोकं त्याच्याकडे लॉस एंजेलिसला पाठवून दिलं. मुलाचं नाव जॉर्डन मेकनर. खोक्यात वरच्या बाजूला त्याच्याच खेळांच्या, एकेकाळी स्पेनमध्ये विकल्या गेलेल्या प्रती होत्या. त्यांच्या खाली साडेतीन इंची फ्लॉप्यांच्या तीन प्लॅस्टिकच्या डब्या निघाल्या. त्यातल्या एका फ्लॉपीच्या लेबलवर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, की हा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ सोर्स कोड आहे. मेकनर तो दहा वर्षं शोधत होता आणि तो गेलाच असं त्याने जवळजवळ धरून चाललं होतं.

या माणसाने सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही केली, की ती फ्लॉपी त्याने लगेच ड्राइव्हमध्ये घातली नाही. त्याने जेसन स्कॉट यांना गाठलं. स्कॉट इंटरनेट अर्काइव्हमध्ये जुनं सॉफ्टवेअर गोळा करतात. १६ एप्रिलला ते मेकनरच्या घरी आले. सोबत टोनी डायझ नावाचे, जुन्या अ‍ॅपल यंत्रांचे जाणकार होते. त्यांनी आणलेली यंत्रं टेबलावर मांडली गेली आणि एकेक फ्लॉपी वाचायला सुरुवात झाली. वीस वर्षांहून अधिक काळ अंधारात पडलेल्या त्या चकत्यांनी बहुतेक सगळं परत दिलं. दुसऱ्या दिवशी हा कोड मेकनरने गिटहबवर सगळ्यांसाठी ठेवून दिला. तो ६५०२ प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत आहे आणि समजणारे थोडेच, पण ज्यांना समजतो त्यांनी त्याचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. २०१८ मध्ये एकाने त्यावरून बीबीसी मास्टरवर चालणारा ‘प्रिन्स’ तयार केला. म्हणजे बाजारातून कधीच गेलेल्या ब्रिटिश संगणकासाठी, एका पैशाचीही अपेक्षा न ठेवता, तीस वर्षं उशिरा.

कोड वाचणाऱ्यांना त्यात एक गंमत दिसते. खेळात राजपुत्राची एक काळी सावली आहे, जी आरशातून बाहेर पडते आणि पुढे त्याच्याच वाटेत आडवी येते. मेकनरला शत्रू हवा होता, पण अ‍ॅपल टूच्या मेमरीत दुसऱ्या पात्राच्या चित्रांना जागाच उरली नव्हती. मग त्याने राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून, बिटांची उलटापालट करून पुन्हा वापरली. ती मूळ चित्रंही घरचीच. धाकटा भाऊ डेव्हिड पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या जागेत धावला, उड्या मारल्या, लोंबकळला. त्याचं व्हिडिओ चित्रण मेकनरने एकेक चौकट थांबवून गिरवलं. संगीत कोणाचं? खोकं पाठवणाऱ्या वडिलांचं.

एवढं सगळं नाट्य वाचताना मराठी वाचकाला वेगळाच प्रश्न पडायला हवा. हरवला होता तो कोड. खेळ कुठे हरवला होता? १९८९ चा अ‍ॅपलवरचा ‘प्रिन्स’ सुरुवातीला फारसा खपला नव्हता, पण १९९० मध्ये तो डॉसवर आला आणि तिथून जगभर सुटला. लेखकाच्या घरातून त्याचा गाभा नाहीसा झाला होता तेव्हा सातारा, लातूर, जळगावच्या शाळांमधल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये हा राजपुत्र खुशाल सुळ्यांवर पडून मरत होता.

एमएस-सीआयटीच्या आधीची ती लॅब ज्यांनी पाहिली त्यांना ती सांगायला नको. गावात एसी असलेली एकमेव खोली. चपला बाहेर. आत काळ्या पडद्यावर सी-प्रॉम्प्ट, फळ्यावर बेसिकचा प्रोग्रॅम, एका कॉम्प्युटरवर तीन मुलं. सरांची पाठ वळली की डिरेक्टरी बदलायची आणि चार अक्षरं टाइप करायची, डी-ए-व्ही-ई. लाल टोपी घातलेला छोटा माणूस, सोनेरी चषक घेतल्याशिवाय न उघडणारा दरवाजा, दहा लेव्हल. ‘डेंजरस डेव्ह’ जॉन रोमेरोने १९८८ मध्ये अ‍ॅपल टूसाठी लिहिला आणि १९९० मध्ये डॉसवर आणला. तेव्हा तो अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात श्रीव्हपोर्ट गावी सॉफ्टडिस्क नावाच्या कंपनीत नोकरीला होता. ही कंपनी फ्लॉपीवरची मासिकं काढायची, दर महिन्याला वर्गणीदाराच्या घरी प्रोग्रॅमने भरलेली चकती पोचायची. खुद्द अमेरिकेत ‘डेव्ह’ हा रोमेरोच्या कारकिर्दीतला तळटिपेएवढा खेळ मानला जातो, कारण तीन वर्षांनी तो ‘डूम’ करणार होता. आपल्याकडे उलटं. ‘डूम’ माहीत नसलेल्यांनाही डेव्ह माहीत आहे.

त्या चकतीची महाराष्ट्रातून किती वर्गणी गेली असेल याचा अंदाज करायची गरज नाही. खेळ आला तो कोणाच्या तरी भावाच्या कॉलेजातून, कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या माणसाच्या पाकिटातून, लॅमिंग्टन रोडवरून मशीनबरोबर फुकट. प्रत्येक वेळी एक प्रत मूळ ठिकाणी राहिली आणि एक पुढे गेली. कायद्याच्या भाषेत ही चोरीच. पण डेव्ह आज जिवंत आहे तो या चोरीमुळे, सॉफ्टडिस्कच्या गोदामामुळे नाही.

‘प्रिन्स’च्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट दिसतं. डॉसच्या ‘प्रिन्स’मध्ये पहिली लेव्हल संपली की एक खोली यायची. तिथे औषधाच्या कुप्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येकीवर एक अक्षर. खेळाबरोबर मिळणाऱ्या छापील पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं, ती कुपी प्यायची. चुकीच्या कुप्या पीत गेलं की राजपुत्र मेला. खेळ विकत घेतलाय की उचललाय हे ओळखायची ती युक्ती होती. आपल्याकडे पुस्तिका होती कोणाकडे? इथे फिरलेल्या प्रतींमध्ये बहुधा कोणीतरी, कुठल्यातरी देशात, ती खोली निकामी करून ठेवलेली होती. समजा ती कोणीच केली नसती. फ्लॉप्या शाबूत राहिल्या असत्या, पण पुस्तिका रद्दीत गेल्यावर जगभरच्या त्या सगळ्या प्रती दुसऱ्या लेव्हलच्या दारात अडकून पडल्या असत्या.

फ्लॉपी तरी शाबूत राहते का? पातळ प्लॅस्टिकच्या चकतीवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप आणि तो धरून ठेवायला एक चिकट द्रव्य, एवढाच तिचा संसार. दमट हवेत हे द्रव्य सैल पडतं. मुंबईत किंवा कोकणात पाच-सहा पावसाळे काढलेल्या फ्लॉपीच्या खिडकीचं झाकण सरकवून पाहा, काळ्या चकतीवर बुरशीचे पांढरट ठिपके दिसतील. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेड तो लेप खरवडून काढतं आणि त्याबरोबर मजकूरही जातो. वर ते मळलेलं हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही चरे पाडतं. म्हणून मेकनरचा संयम महत्त्वाचा. अशा चकतीचं पहिलं वाचन शेवटचंही ठरू शकतं.

या कामात मुरलेली मंडळी त्यासाठी वेगळी अवजारं वापरतात. साधा ड्राइव्ह चकतीवरचे ठरावीक नियमात बसणारे बाइट वाचतो, नियमात न बसणारं सगळं ‘एरर’ म्हणून सोडून देतो. क्रायोफ्लक्स, ग्रीझवीझल, अ‍ॅपलसाठी अ‍ॅपलसॉस अशी छोटी उपकरणं अर्थाच्या भानगडीत पडत नाहीत. चकती फिरताना चुंबकाची दिशा कुठे आणि किती वेळाने बदलते, एवढीच नोंद ती करतात. अर्थ नंतर, सावकाश, दुसऱ्या संगणकावर लावायचा. हे करावं लागतं कारण ऐंशीच्या दशकातल्या कंपन्यांनी नियम मुद्दाम मोडले होते. चकतीवर दोन मार्गांच्या मधोमध लिहायचं, मार्ग गोल न ठेवता मळसूत्रासारखा काढायचा, काही बिट इतके दुबळे लिहायचे की दर वेळी वेगळे वाचले जातील, असे प्रकार. साध्या कॉपीत हे उतरत नाही आणि खेळ ओळखतो की आपण नकली चकतीवर आहोत. ‘प्रिन्स’च्या अ‍ॅपल आवृत्तीतही चकतीच्या प्रत्येक मार्गावर १६ ऐवजी १८ सेक्टर बसवणारी खास रचना होती.

आता ही कुलपं तोडणाऱ्यांविषयी. तेव्हाची कुलूपतोडी मंडळी बहुतेक शाळकरी पोरं होती. त्यांची आवड ठरलेली, मारधाड आणि उड्या. म्हणून आर्केड पद्धतीचे खेळ भरपूर वाचले. पण एका फाइलीत खेळ बसावा म्हणून या पोरांनी सुरुवातीची चित्रं, मधली अ‍ॅनिमेशनं बिनदिक्कत कापली आणि त्याजागी आपल्या टोळीचं नाव मोठ्या अक्षरात घातलं. शाळांसाठी केलेले गणिताचे, स्पेलिंगचे, भूगोलाचे खेळ तर त्यांनी हातातच घेतले नाहीत. त्यांचं काय व्हायचं? या कामाला गेल्या दशकात एक माणूस भिडला. तो स्वतःला फक्त ‘फोर-एएम’ म्हणवतो, पहाटे चार. अ‍ॅपल टूच्या मूळ चकत्या मिळवायच्या, त्यांचं कुलूप एवढंच काढायचं, बाकी एक चित्रही हलवायचं नाही, आपलं नाव पडद्यावर कुठेही घालायचं नाही आणि तयार प्रत इंटरनेट अर्काइव्हवर फुकट ठेवायची. सोबत कुलूप कसं होतं आणि कसं निघालं याचं खुमासदार टिपण. ही टिपणं गुप्तहेरकथा वाचाव्यात तशी वाचता येतात. पुढे त्याने ‘पासपोर्ट’ नावाचा प्रोग्रॅमच लिहिला, जो नेहमीची कुलपं आपोआप ओळखून काढतो.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि मराठीचं सर्वांत जुनं गद्य कित्येक शतकं बाहेरच्या कोणाला वाचता आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली शोधली तेव्हा ‘लीळाचरित्रा’चं दार उघडलं. पण या गोष्टीचा अर्धा भाग आपण सांगायला विसरतो. कुलूप असूनही ते ग्रंथ राजवाड्यांपर्यंत पोचले, कारण पंथातले लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या नकला करत राहिले होते. अमेरिकी कंपन्यांनी कुलूप घातलं आणि नकला करणाऱ्यांचे हातही बांधले.

इंटरनेट आल्यावर नकलांचा हा व्यवहार फ्लॉपीवरून वेबवर गेला. बाजारातून गेलेल्या, कोणी विकत नसलेल्या पण हक्क अजून कोणाच्या तरी नावावर असलेल्या सॉफ्टवेअरला १९९७ च्या सुमारास ‘अबॅन्डनवेअर’ हे नाव पडलं. त्या दुनियेतलं माझ्या मते सगळ्यात देखणं काम एका थाई बाईंनी केलं. सरिनी अचवनुनताकुल. त्यांनी १९९८ मध्ये ‘होम ऑफ द अंडरडॉग्ज’ सुरू केलं. त्यांचा रोख गाजलेल्या खेळांवर नव्हताच. चांगले असूनही पडलेले, कोणी न पाहिलेले खेळ शोधायचे, प्रत्येकावर नेटकं परीक्षण लिहायचं आणि शक्य असेल तिथे खेळही द्यायचा. कंपनी अजून विकत असेल तर दुकानाचा पत्ता द्यायचा. दहा वर्षांत हजारो खेळांचा तो कोश झाला. २००९ मध्ये तो बंद पडला आणि त्याचा मजकूर चाहत्यांनी आधीच उतरवून घेतलेला असल्यामुळे लगोलग दुसरीकडे उभा राहिला. कोश करणाऱ्या बाई पुढे थायलंडमध्ये अर्थकारणावरच्या लेखिका आणि अनुवादक म्हणून नावारूपाला आल्या.

फाइल वाचली तरी चालवायची कशावर, हा प्रश्न एम्युलेटरने सोडवला. जुन्या यंत्राचं वागणं नव्या यंत्रात सॉफ्टवेअरने उभं करायचं. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये आर्केड यंत्रांसाठी ‘मेम’ सोडला, २००२ मध्ये ‘डॉसबॉक्स’ आला. इंटरनेट अर्काइव्हने पुढची पायरी चढली. एम्युलेटरच ब्राउझरमध्ये चालेल असा केला, म्हणजे काही उतरवून घ्यायला नको, बसवायला नको. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी डॉसचे सुमारे २,४०० खेळ असे खुले केले आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आणखी २,५०० ची भर घातली. नाव शोधून चित्रावर टिचकी मारली की मोबाइलवर डॉसचा काळा पडदा उमटतो. बोटांनी राजपुत्राला उडी मारायला लावणं मात्र अशक्य आहे. त्याला खडखडणारा कीबोर्डच लागतो.

हे सगळं कायदेशीर आहे का? खरं उत्तर असं की बरंचसं नाही, आणि तरी फारसं कोणी अडवत नाही. मालकाने हरकत घेतली की अर्काइव्ह खेळ काढून टाकतं. पण हरकत घ्यायला मालक कोण हे ठाऊक तर हवं. स्टीफन किक या तरुणाला मध्य अमेरिकेत भटकताना ‘सिस्टिम शॉक २’ हा १९९९ चा खेळ पुन्हा खेळावासा वाटला आणि तो कुठेच विकत मिळेना. खेळ करणारी लुकिंग ग्लास ही कंपनी २००० मध्ये बुडाली होती. हक्कांचा माग काढत तो पोचला अमेरिकेतल्या एका विमा कंपनीपाशी. बुडालेल्या धंद्याच्या हिशेबात हा खेळ तिच्या पदरात पडला होता. विमेवाल्यांशी बोलून किकने हक्क मिळवले, २०१३ मध्ये खेळ पुन्हा विक्रीला आला आणि त्यातून नाइटडाइव्ह ही जुने खेळ सोडवून आणणारी कंपनी उभी राहिली. याच कंपनीने पुढे ‘नो वन लिव्ह्ज फॉरेव्हर’ या २००० सालच्या सुरेख हेरगिरीच्या खेळाला हात घातला. तो तीन बड्या कंपन्यांच्या मध्ये अडकला होता. आपल्याकडे नेमकं काय आहे हे त्यांना स्वतःलाच सांगता येईना, पण दुसऱ्याने काढला तर दावा लावू, एवढं मात्र सांगता येत होतं. तो खेळ आजही कुठल्या दुकानात मिळत नाही. चाहत्यांकडे फुकट मिळतो.

कंपन्यांनी स्वतःचं तरी किती जपलं? २०१० मध्ये ‘मॅक्स पेन २’च्या अधिकृत विकतच्या प्रतीत एका कुलूपतोड्या टोळीची खूण सापडली. सीडी नसताना खेळ चालावा म्हणून कंपनीने, आपला मूळ कोड शोधून दुरुस्त करण्याऐवजी, चोरांनी केलेली फाइल उचलून गिऱ्हाइकाला विकली होती. यावर मी वेगळं भाष्य करत नाही.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजदाद केली. २०१० च्या आधी तिथे प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज कुठल्याही दुकानातून विकत घेता येत नाहीत. मूकपटांची जी दुर्दशा सगळे जाणतात तिच्याच जवळपासचा हा आकडा. फरक असा, की मूकपट जळाले, विरघळले. खेळांच्या फाइली बहुतांशी आहेत, हातात मात्र देता येत नाहीत. फाउंडेशनची मागणी माफक होती. ग्रंथालयांनी जपलेले, बाजारात नसलेले खेळ अभ्यासकांना घरबसल्या, दूरवरून वापरू द्यावेत. खेळ-उद्योगाच्या संघटनेने विरोध केला, कारण अभ्यासाच्या नावाखाली लोक करमणूक करून घेतील. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉपीराइट कार्यालयाने मागणी फेटाळली. म्हणून तिथल्या ग्रंथालयात ठेवलेला खेळ बघायचा तर त्या इमारतीत जावं लागतं. २०२५ च्या जानेवारीत फाउंडेशनने आपलं डिजिटल ग्रंथालय उघडलं, त्यात जुनी नियतकालिकं आहेत, खेळ घडवतानाची कागदपत्रं आहेत, फक्त खेळायला खेळ नाहीत. करमणूक होऊ नये म्हणून करमणुकीच्या वस्तूवर पहारा ठेवण्याचं हे उदाहरण मला फार आवडतं.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क. अमेरिकेत कंपनीच्या नावावर १९८९ मध्ये निघालेल्या खेळाचा हक्क २०८४ च्या अखेरीपर्यंत चालतो. फ्लॉपी तीस वर्षं टिकली तर नशीब. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याच्या ५२ व्या कलमात एक चांगली सवलत आली. बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते. अट एकच, ग्रंथालयाकडे तिची बिगर-डिजिटल प्रत आधीच असली पाहिजे. पुस्तकं स्कॅन करणाऱ्यांना ही अट सोपी आहे. जन्मतःच डिजिटल असलेल्या खेळाची बिगर-डिजिटल प्रत ग्रंथालयाने कुठून आणायची? अमेरिकेतल्या ‘ओरेगॉन ट्रेल’ची मात्र आणता आली असती. १९७१ मध्ये मिनियापोलिसच्या तीन शिकाऊ शिक्षकांनी इतिहासाच्या तासासाठी तो केला, सत्र संपल्यावर मशीनमधून पुसला, पण जाताना कोडचा कागदी प्रिंट काढून घेतला. तीन वर्षांनी त्यांच्यातल्याच एकाने त्या कागदांवरून सगळा प्रोग्रॅम पुन्हा टाइप केला आणि तिथून तो अमेरिकेच्या पिढ्यांचा खेळ झाला. आपल्या याच कायद्यातलं २१ वं कलम मात्र उदार आहे. लेखकाला जाहीर सूचना देऊन आपला हक्क सोडून देता येतो. हे कलम वापरणारा एखादा भारतीय खेळकर्ता भेटला तर त्याला पेढे द्यायला मी तयार आहे.

इथे एक काटा बाजूला काढून ठेवतो. जो खेळ आज विक्रीला आहे, ज्याचा करणारा त्यावर पोट भरतो, त्याची फुकट प्रत वाटणं आणि वर त्याला जतन म्हणणं हा लबाडपणा आहे. पोलंडच्या जीओजीने २००८ पासून जुने खेळ कुलूप न लावता विकून दाखवले आणि लोकांनी ते घेतले. जिथे दुकान आहे तिथे पैसे द्यावेत. वाद आहे तो दुकानच नसलेल्या त्या ८७ टक्क्यांचा.

त्यात आपल्या घरोघरी असलेला एक खेळ येतो. ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’, नोव्हेंबर २००६. त्यानंतर या कंपनीने संगणकासाठी क्रिकेट काढलंच नाही आणि हाही दुकानातून गेला. परवाने नसल्यामुळे त्यातल्या कित्येक संघांची नावं, कपडे खरे नव्हते. पोरांनी ते स्वतः भरले. नव्या खेळाडूंचे चेहरे, आयपीएलचे पोशाख, वानखेडेपासून सगळी मैदानं, दरवर्षीचे नवे संघ. हे पॅच करणारे भारतात, पाकिस्तानात, बांगलादेशात बसलेले असतात आणि एकमेकांचं काम बिनबोभाट वापरतात. खेळ आला तेव्हा जन्मलेलीही नसलेली मुलं आज तो खेळतात, आणि तोही आजच्या संघांसह. खेळ हार्ड डिस्कवर पूर्णपणे बसत होता, सर्व्हरला विचारत नव्हता, म्हणून हे जमलं.

सर्व्हरला विचारणारे खेळ मेले की मेलेच. एकेकाळी मराठी घराघरांतून ज्याच्या शेताला पाणी घालण्याच्या विनंत्या यायच्या तो ‘फार्मव्हिल’ ३१ डिसेंबर २०२० ला, ब्राउझरमध्ये तो चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरबरोबर संपला. फ्लॅशपॉइंट या स्वयंसेवी प्रकल्पाने फ्लॅशचे लाखाहून अधिक खेळ आणि अ‍ॅनिमेशनं वाचवली, पण त्यात ते शेत नाही, कारण ते कोणाच्या संगणकावर कधी नव्हतंच. युबीसॉफ्टने ‘द क्रू’ हा पैसे देऊन घेतलेला खेळ मार्च २०२४ मध्ये सर्व्हर बंद करून गिऱ्हाइकांच्या हातातून काढून घेतला तेव्हा युरोपात त्यावर चळवळ उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे, दुकान बंद करताना खेळ चालू राहील असं काहीतरी करून जा.

आपल्या वाट्याचं काम यापेक्षा जवळचं आहे आणि घाईचंही. २००० नंतरच्या दशकात मोबाइलवरचे जावा खेळ मोठ्या संख्येने मुंबईत तयार होत होते. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली इंडियागेम्स त्यातली ठळक. ती पुढे यूटीव्हीकडे आणि तिथून डिस्नेकडे गेली. क्रिकेटचे, हिंदी चित्रपटांवरचे, हॉलिवूडच्या परवान्याचे असे कितीतरी खेळ या शहरातल्या पोरापोरींनी चिमुकल्या पडद्यासाठी केले. सुरुवातीच्या नोकियावर अख्खा खेळ ६४ किलोबाइटांत बसवावा लागायचा, म्हणजे या लेखाएवढा मजकूरही त्यात जेमतेम मावेल. प्रत्येक हँडसेटचा पडदा वेगळा, कळा वेगळ्या, म्हणून एकाच खेळाच्या कित्येक आवृत्त्या. खेळ विकायचं काम मोबाइल कंपन्यांच्या पोर्टलवरून, महिन्याच्या बिलात पैसे कापून. ती पोर्टलं गेली. विकत घेतलेल्या खेळावर ‘फॉरवर्ड लॉक’ असायचा, ब्लूटूथने मित्राला पाठवता यायचा नाही. तो ज्या हँडसेटमध्ये उतरला त्याच्याबरोबर भंगारात गेला.

लॉक नसलेले मात्र फिरले. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं, गाणी, वॉलपेपर आणि गेम. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर ‘जावा गेम’ नावाचं फोल्डर, त्यात पडद्याच्या मापाप्रमाणे १२८ बाय १६०, १७६ बाय २०८, २४० बाय ३२० अशी पोटफोल्डरं. एखाद्या ग्रंथपालाने लावावीत इतकी शिस्तीत. त्यातल्या .jar फाइली आजच्या अँड्रॉइड फोनवर ‘जे-टू-एमई लोडर’ या मोफत अ‍ॅपमध्ये चालतात. मुंबईत झालेल्या खेळांच्या उरलेल्या प्रती असल्या तर बऱ्याचशा त्याच फोल्डरांत असतील. त्या दुकानांत आता टेम्पर्ड ग्लास आणि चार्जर विकतात. मागच्या फळीवरचा जुना सीपीयू एखाद्याने अजून टाकला नसेल तर त्याच्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन जायला हरकत नाही. अख्खं फोल्डर मिळून एक-दोन जीबीच्या पलीकडे जात नाही.